चंद्राचा फोटो दरवेळी पांढरा गोळा का येतो? एक्स्पोजर कुठे चुकतंय ते शोधण्याचा क्रम

कोजागरी आली की माझ्याकडे तेच फोटो येऊ लागतात. काळंभोर आकाश, मधोमध पांढराफटक ठिपका आणि सोबत प्रश्न: "लेन्स बदलावी लागेल का?" शंभरातल्या नव्वद जणांना लेन्स बदलावी लागत नाही. हौशी मंडळींचे कॅमेरे हातात घेऊन हा दोष काढून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि कारणं ठरावीकच निघतात. ती कुठल्या क्रमाने तपासायची हे कळलं की गच्चीवर उभ्या उभ्या काम होतं. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. फुकटच्या आणि सोप्या तपासण्या आधी, खर्चाच्या शेवटी.

आधी लक्षण ओळखा

काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. लहान चित्रावरून निदान होत नाही.

- चंद्र सपाट पांढरा, आत एकही डाग नाही, कडेने धुरकट वलय: एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळालेला उजेड, जास्त झालंय. तपासणी १ ते ३.
- एक फोटो पांढरा, पुढचा काळपट, सेटिंगला हात न लावता: कॅमेरा स्वतःच काहीतरी बदलतोय. तपासणी १.
- मागच्या पौर्णिमेला चाललेलं सेटिंग आज अंधारं येतंय: तिथी किंवा चंद्राची उंची वेगळी आहे. तपासणी २ आणि ४.
- डाग दिसतात, पण कड लोण्यासारखी मऊ: फोकस, हलणं किंवा हवा. तपासणी ६ आणि ७.
- एका चंद्राचे दोन चंद्र, दुसरा फिका आणि उलट बाजूला: तपासणी ५.
- चंद्र उत्तम, खाली किल्ला किंवा देऊळ मात्र ठार काळं: दोष नाही, वेळ चुकली. तपासणी ८.
- मॅन्युअलवर सगळं बरोबर ठेवूनही दरवेळी ठरावीक फरकानेच चूक: यंत्राची शंका. तपासणी ९.

चुकतं कुठे

रात्र आहे म्हणून आपण रात्रीचं सेटिंग लावतो, इथेच घोटाळा होतो. आपण अंधारात उभे असतो, पण चंद्राचा जो भाग दिसतो तिथे त्या क्षणी भर ऊन असतं. सूर्यापासून तो जवळपास आपल्याइतक्याच अंतरावर आहे, त्यामुळे ऊनही आपल्याइतकंच. मध्ये हवा नाही, ढग नाहीत. अपोलो ११ च्या १९६९ सालच्या फोटोंत आकाशात तारे नाहीत त्याचं कारण हेच: एक्स्पोजर उन्हात न्हालेल्या जमिनीसाठी ठेवलेलं होतं.

शिवाय चंद्र मुळात पांढरा नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला सरासरी १२ टक्केच तो परत पाठवतो, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतका. काळ्या आकाशामुळे तो डोळ्यांना पांढरा वाटतो.

आता कॅमेऱ्याकडून बघा. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० एमएमची लेन्स लावली तरी पौर्णिमेचा चंद्र फ्रेमची जेमतेम दीड टक्का जागा व्यापतो. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांत काळोख. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या दृश्याचा मेळ घालून ते मध्यम करड्या उजेडावर आणायला बघतो. म्हणजे तो आकाश करडं करायला निघतो आणि त्यात चंद्र जळून जातो. मीटर बिघडलेला नाही, त्याला चुकीचं काम दिलंय. तेव्हा निर्णय त्याच्याकडून काढून आपल्या हातात घ्यायचा. पुढचं सगळं त्यासाठीच.

तपासणी १: ऑटो खरंच बंद आहे का?

"मी मॅन्युअलवरच काढतोय" असं सांगणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात मी सगळ्यात आधी ऑटो आयएसओ बघतो. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय त्याचा आकडा. मोड डायल एमवर असते, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) नीट ठेवलेले असतात आणि आयएसओ मात्र ऑटोवर. मग तुम्ही शटर कितीही वाढवा, कॅमेरा तेवढाच आयएसओ चढवून हिशेब बरोबर करतो आणि फोटो पुन्हा पांढरा. सेटिंग बदललं तरी फोटो बदलत नाही अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हेच. फोटोची माहिती उघडा. तुम्ही न ठेवलेला ३२०० किंवा ६४०० आयएसओ तिथे दिसला की निदान झालं.

सोबत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग नावाची सोय असते. सावलीचा भाग उजळवणं हे तिचं काम, चंद्राला तिची गरज नाही. ती बंद ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या, निदान रॉ आणि जेपेग दोन्ही. आणि मिररलेस कॅमेऱ्यात पडद्यावर एक्स्पोजरचा परिणाम दाखवणारा पर्याय चालू आहे ना ते पाहा. तो बंद असेल तर फोटो बरोबर येत असूनही काढण्याआधी पडद्यावर पांढरा गोळाच दिसतो आणि माणूस उगाच सेटिंग बिघडवत बसतो.

तपासणी २: सुरुवातीचा आकडा तिथीप्रमाणे धरला आहे का?

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

भर उन्हातल्या वस्तूसाठी फिल्मच्या काळापासूनचा एक नियम आहे: अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका. चंद्राची जमीन गडद, म्हणून त्यात एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. तेव्हा उंच आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११, आयएसओ १०० आणि शटर १/१००. कॅमेऱ्यात १/१०० नसेल तर १/१२५ ठेवा.

मी हेच जरा फिरवून एफ/८ आणि आयएसओ २०० वर वापरतो. एफ/११ वरून एफ/८ ला येताना एक स्टॉप मिळाला, आयएसओ दुप्पट केल्याने दुसरा, म्हणून शटर १/४०० पर्यंत जातं. फोटोत चंद्राचा उजळपणा तेवढाच, पण हात किंवा ट्रायपॉड हलल्याचा परिणाम चौपट कमी. शिवाय हौशी लोकांकडे असतात त्या झूम लेन्स एफ/८ च्या आसपास सगळ्यात रेखीव असतात. एफ/१६ किंवा एफ/२२ वर जाऊ नका. छिद्र एवढं बारीक झालं की प्रकाशाच्या विवर्तनाने तपशील मऊ होतो.

एफ/८ आणि आयएसओ २०० कायम ठेवून शटर असं धरा:

पौर्णिमा, चंद्र उंच: १/४००
दशमी-एकादशी, किंवा पौर्णिमेनंतर संकष्टीच्या आसपास: १/२००
अष्टमी: १/१००
शुद्ध चतुर्थी-पंचमी: १/५०
द्वितीया-तृतीया: १/२५ पासून सुरुवात, चंद्र क्षितिजालगत असेल तर त्याहून बरंच जास्त

अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो म्हणून प्रकाशही निम्मा असणार, असं धरून पुष्कळ जण फसतात. अर्धा चंद्र पृथ्वीवर पौर्णिमेच्या साधारण दहावा हिस्साच प्रकाश पाठवतो. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतं, त्यामुळे तिथल्या धुळीच्या कणाकणाची सावली त्या कणाच्या मागे लपते आणि सगळा पृष्ठभाग उजळून निघतो. अष्टमीला ऊन बाजूने, तिरकं येतं. दगडधोंडे, विवरांचे काठ, डोंगर सगळ्यांच्या सावल्या आपल्याला दिसतात आणि जमीन काळवंडते. म्हणून चंद्राचा तुकडा कोणता आहे हे बघून शटर बदलावंच लागतं, फक्त "चंद्राचं सेटिंग" असं एक काही नसतं.

याच तिरक्या उन्हामुळे अष्टमीचा फोटो पौर्णिमेपेक्षा कितीतरी देखणा येतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक उभी दिसतात, त्यांच्या तळाशी काळी सावली भरलेली असते. पण त्या दिवशी एकच एक्स्पोजर सगळ्या भागाला पुरत नाही. बाहेरची गोल कड उजळ असते, सीमेजवळचा भाग कमी उजळ. विवरं हवी असतील तर वरच्या आकड्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या आणि कड जळत नाही ना तेवढं पाहा.

पौर्णिमेचा चंद्र मात्र सपाट येतो, त्याला इलाज नाही. सावल्याच नसतात. चांगला तपशील हवा असेल तर पौर्णिमेचा हट्ट सोडून नवमी-दशमीला कॅमेरा काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

फोनवाल्यांसाठी इथेच सांगून टाकतो. नाइट मोड बंद करा, तो चंद्राच्या मुळावर उठतो. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथे अडकतं, मग उजेडाची खूण खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. प्रो मोड असेल तर आयएसओ ५० किंवा १०० आणि शटर १/५०० पासून सुरू करा. फोनचं छिद्र बहुधा बदलता येत नाही आणि ते मोठं असतं, म्हणून शटर वेगवान लागतं. टेलिफोटो लेन्स असेल तर तीच निवडा. काही फोन चंद्र ओळखून त्यात स्वतःहून तपशील भरतात. तसा फोटो सुंदर दिसला तरी त्यावरून तुमचं एक्स्पोजर बरोबर होतं की नाही हे कळत नाही.

तपासणी ३: पडद्यावर नाही, आलेखावर विश्वास ठेवा

अंधाऱ्या गच्चीवर कॅमेऱ्याचा पडदा झगझगीत वाटतो. तिथे छान दिसलेला फोटो घरी संगणकावर काळपट निघतो. उलटही होतं: पडदा डोळ्यांत खुपतो म्हणून माणूस गरज नसताना उजेड कमी करत जातो. म्हणून पडद्याची चमक कमी करून ठेवा आणि निर्णय हिस्टोग्रामवर घ्या, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखावर.

चंद्राचा हिस्टोग्राम विचित्र दिसतो, त्याला घाबरू नका. डावीकडे आकाशाचा एक उंच सुळका, उजवीकडे चंद्राचा अगदी बसका उंचवटा. चंद्राची जागाच दीड टक्का, म्हणून उंचवटा बारीक. हा उंचवटा उजव्या भिंतीला टेकता कामा नये, पण मधल्या रेषेच्या उजवीकडे असायला हवा. फार डावीकडे राहिला तर नंतर उजळवताना काळ्या मैदानांत दाणे उठतात. जळालेला भाग लुकलुकवणारा इशारा चालू ठेवलात तर काम आणखी सोपं. पौर्णिमेला आधी टायको विवराच्या आसपासचे उजळ पट्टे आणि अ‍ॅरिस्टार्कस विवर लुकलुकू लागतं, कारण ते भाग बाकीच्या जमिनीपेक्षा उजळ आहेत. ते लुकलुकायचे थांबले की थांबा. आणखी अंधार करू नका.

शंका असेल तर त्या आकड्याच्या आजूबाजूला एकेक स्टॉपने तीन किंवा पाच फोटो काढून ठेवा. पैसे पडत नाहीत.

इथे स्पॉट मीटरिंगबद्दल, म्हणजे फक्त एका छोट्या वर्तुळातला उजेड मोजण्याबद्दल. "स्पॉट लाव, काम झालं" असा सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्धवट आहे. सेन्सरवर चंद्र केवढा पडतो याचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंथ भागिले ११०. म्हणजे २०० एमएमला चंद्र १.८ मिलिमीटरचा, ३०० ला २.७ चा. पुष्कळ कॅमेऱ्यांत स्पॉटचं वर्तुळ साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाचं असतं. मग वर्तुळात चंद्राभोवतीचा काळोखही येतो आणि मीटर पुन्हा फसतो. ४०० एमएमच्या पुढे स्पॉट कामाचा. त्याच्या आत मॅन्युअलच बरं.

याच हिशेबाने कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचंही उत्तर मिळतं. ५५ एमएमला चंद्र अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे आजच्या सेन्सरवर सव्वाशे पिक्सेलच्या आसपास. एक्स्पोजर कितीही अचूक असो, त्यात विवरं दिसणार नाहीत. २५० एमएमपासून पुढे मजा सुरू होते.

तपासणी ४: चंद्र किती वर आला आहे, हवा कशी आहे?

वरचे आकडे चंद्र उंच असतानाचे. क्षितिजापासून १० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने साडेपाचपट हवेतून येतो. तेवढ्यात एक ते दोन स्टॉप सहज गळतात आणि निळा प्रकाश जास्त गळत असल्यामुळे चंद्र तांबूस दिसतो. संकष्टीला कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ बघून लोक गच्चीवर येतात आणि नेमका तेव्हाच फोटो काढतात. त्या वेळी १/२०० ऐवजी १/५० लागलं तर घाबरून जाऊ नका. तासाभराने तोच चंद्र पुन्हा यादीतल्या आकड्यावर येतो.

शहरातला धूर आणि हिवाळ्यातलं धुकं यांचाही असाच वाटा. पातळ ढग असेल तर मात्र आकडे शोधत बसू नका. ढग चंद्राचा उजेड भोवती पसरवतो, त्या वलयाला कुठलंच सेटिंग घालवू शकत नाही.

खग्रास चंद्रग्रहण ही वेगळीच गोष्ट. चंद्र पूर्ण सावलीत गेला की त्याच्यावर थेट ऊन पडत नाही, पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबडा उजेड तेवढा पोचतो आणि एक्स्पोजर हजारो पटींनी वाढतं. एफ/५.६, आयएसओ ८०० आणि एक ते चार सेकंद इथून शोध सुरू करा. भारतातून दिसणारं एक खग्रास ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. तोपर्यंत सराव करायला पुष्कळ पौर्णिमा हातात आहेत.

आणि एक सावधगिरी. द्वितीयेची कोर सूर्याच्या जवळ असते. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत लांब लेन्स त्या दिशेला वळवू नका. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून चुकून सूर्य दिसला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

तपासणी ५: लेन्ससमोरची काच

लेन्सवर बचावासाठी लावलेला यूव्ही फिल्टर काढा. चंद्रासारख्या झगझगीत वस्तूचा प्रकाश सेन्सरवरून परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. तोच तो दुसरा फिका चंद्र, फ्रेमच्या मध्यबिंदूच्या पलीकडे बरोबर समोर. फिल्टर काढल्यावर तो गेला तर विषय संपला.

मग समोरच्या काचेवर टॉर्च तिरकी धरून बघा. बोटाचे ठसे असतील तर चंद्राभोवती धुरकट वलय येतं आणि ते जास्त एक्स्पोजरसारखं दिसतं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट गच्चीवर आणला की काचेवर दव धरतं. पुसू नका, पुन्हा धरेल. पिशवी बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. कोकणात आणि मुंबईत हे पावसाळ्यानंतरही बराच काळ चालतं.

तपासणी ६: फोकस

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर रिंग नेऊन ठेवली म्हणजे फोकस झाला, असं नसतं. बहुतेक ऑटोफोकस लेन्स त्या खुणेच्या थोड्या पुढेही फिरतात. ऑटोफोकस वापरायचा असेल तर मधला बिंदू चंद्राच्या कडेवर धरा, फोकस लागला की लगेच मॅन्युअल फोकसवर टाका. त्याहून चांगलं म्हणजे लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, दहापट मोठा करून उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं विवर बघत रिंग फिरवा. पांढऱ्या गोळ्यावर फोकस करता येत नाही, म्हणून आधी एक्स्पोजर, मग फोकस. हा क्रम उलटा केला की लोक तासभर रिंग फिरवत बसतात. झूम बदललं तर फोकस पुन्हा बघा, बऱ्याच झूम लेन्सचा तो सरकतो.

तपासणी ७: हलतंय कोण?

लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा असतानाच कॅमेऱ्याला एक टिचकी मारा. चंद्र पडद्यावर थरथरतो, वरखाली होतो, मग हळूहळू स्थिरावतो. किती वेळ लागला ते मोजा. स्वस्त ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढलेला असेल तर दोन-तीन सेकंदही लागतात. तोच दांडा खाली बसवला, पायांच्या नळ्या कमी बाहेर काढल्या आणि गळ्याचा पट्टा काढून टाकला की थरथर लगेच मरते. तो लोंबता पट्टा वाऱ्यावर फडफडतो आणि लांब लेन्सवर त्याचा धक्का चांगलाच जाणवतो. आता दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि थरथर त्यापेक्षा जास्त टिकत असेल तर दहाचा. आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यूमधूनच फोटो घ्या. ट्रायपॉडवर असताना जुन्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा.

चंद्रही सरकतो, हे विसरू नका. तो स्वतःच्या रुंदीइतकं अंतर साधारण दोन मिनिटांत कापतो. ३०० एमएमला ते सेकंदाला पाच-सहा पिक्सेल होतात. १/१० सेकंदापर्यंत काही बिघडत नाही, अर्ध्या सेकंदाला कड पुसट होते. शटर तेवढं हळू करावं लागत असेल तर त्याआधी आयएसओ वाढवा.

आणि थरथर नसताना, फोकस बरोबर असताना चंद्राची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलत असेल तर ती हवा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब, पत्र्याची शेड, एसीचं बाहेरचं यंत्र यांच्यावरून बघताना हे हमखास होतं. चंद्र वर येऊ द्या, रात्र थोडी चढू द्या. एका फोटोऐवजी वीस-तीस भराभर काढा, त्यातले एखाददोन हवा स्थिर असतानाचे निघतात.

तपासणी ८: चंद्र आणि जमीन दोन्ही हवीत

काळोख पडल्यावर हे एका फोटोत जमत नाही. उन्हातला चंद्र आणि रात्रीचा किल्ला यांच्यातला फरक कुठल्याच सेन्सरला झेपत नाही. उपाय सेटिंगमध्ये नाही, दिवस निवडण्यात आहे. चतुर्दशीला जा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आदल्या दिवशी त्याच्या पाऊण-एक तास आधी. म्हणजे सूर्य मावळला तेव्हा चंद्र थोडा वर आलेला असतो आणि जमिनीवर संध्याकाळचा उजेड शिल्लक असतो. सूर्यास्तानंतरची पहिली दहा ते वीस मिनिटं दोघांचा उजेड जुळतो. एक्स्पोजर चंद्राला सांभाळून ठेवा, जमीन रॉमधून थोडी उजळवा.

तपासणी ९: यंत्राची शंका

इथपर्यंत सगळं करूनही फोटो ठरावीक फरकानेच चुकत असेल तर दिवसा घरी ही परीक्षा घ्या. एकसारखा उजेड पडलेली साधी भिंत, आयएसओ १००, सगळं मॅन्युअल. मग एफ/५.६ ला १/५००, एफ/८ ला १/२५० आणि एफ/११ ला १/१२५. तिन्ही फोटो सारख्याच उजेडाचे यायला हवेत. एफ/५.६ चा ठीक आणि एफ/११ चा जास्त उजळ आला तर लेन्सची अ‍ॅपर्चरची पाती नीट मिटत नाहीत. पातींवर तेल उतरलं की असं होतं. चंद्राचा फोटो एफ/८ किंवा एफ/११ ला काढतात, म्हणून हा दोष नेमका इथे उघडा पडतो. एरवी पूर्ण उघड्या छिद्रावर फोटो काढणाऱ्याला वर्षभर कळत नाही.

अ‍ॅपर्चर तेच ठेवून १/१००० ला आयएसओ ४००, १/५०० ला २००, १/२५० ला १०० असेही तीन काढा. वेगवान शटरच्या फोटोत एका बाजूला काळा पट्टा आला किंवा उजेड बदलला तर शटरवर शंका घ्या.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी एकच घरगुती उपाय मला मान्य आहे. कॅमेरा बंद करा, लेन्स काढा आणि तिच्या मागचे धातूचे ठिपके कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरच्या फडक्याने हलकेच पुसा. तिथे मळ असला की कॅमेऱ्याचा आदेश लेन्सपर्यंत नीट पोचत नाही. पॉलिश पेपर, खोडरबर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नका.

इथे थांबा

पुढच्या बाबतींत स्वतः काही करू नका. पाती अडकलेली असणं, शटरमुळे फोटोत येणारा काळा पट्टा, वारंवार एरर येणं, फोकस रिंग फिरताना आतून खरखर, आणि फ्रेमच्या एकाच बाजूला चंद्र कायम मऊ येणं. ही शेवटची गोष्ट तपासायला चंद्र चारही कोपऱ्यांत धरून फोटो काढा. मऊपणा त्याच एका बाजूला राहिला तर आतली एखादी काच सरकलेली आहे. ती जागेवर बसवायला मोजमापाची यंत्रं लागतात, घरात ते होत नाही.

बुरशीचंही तसंच. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च टाका आणि समोरून तिरकं बघा. काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे आत शिरलेले दिसले तर ती बुरशी. तिच्यामुळे चंद्राभोवती न जाणारं वलय येतं. ही लेन्स बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा आणि लवकर द्या, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो परत येत नाही. सिलिका जेलचा डबा नवी बुरशी रोखतो, झालेली काढत नाही. स्क्रू उघडून स्वतः पुसायला जाऊ नका. काचांचा क्रम आणि अंतर एकदा बिघडलं की दुरुस्ती दुप्पट होते.

दुरुस्तीला देताना नुसतं "फोटो नीट येत नाहीत" असं सांगू नका. भिंतीचे सहा फोटो आणि चार कोपऱ्यांतले चंद्राचे फोटो त्याच कार्डावर सोबत न्या, कोणत्या फोकल लेंथला आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला दोष दिसतो ते लिहून द्या. कॅमेऱ्याबरोबर लेन्सही द्या, कारण दोष दोघांच्या मधल्या जोडणीत असू शकतो. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या. साध्या किट लेन्सची किंवा जुन्या ७०-३०० ची दुरुस्ती कधीकधी वापरलेल्या चांगल्या लेन्सच्या किमतीपर्यंत जाते, तेव्हा आकडा हातात आल्यावरच होकार द्या.